सरपंच फॉन्ट: जिमच्या बोर्डाला एक नंबर, हळदीच्या पिशवीला चुकूनही नको

सांगलीत सध्या जिम, ई-बाईकची शोरूम, ड्रोन फवारणी, सोलर पंप, रोबोटिक्सचे क्लास असली दुकानं एकामागोमाग एक निघतायत आणि डिझाईन करायला आल्यावर प्रत्येकाचं एकच, "भाऊ, जरा फ्युचरिस्टिक पाहिजे". म्हणजे नेमकं कसं असं विचारलं की मोबाईल काढून एखादा इंग्लिश लोगो दाखवतात, चौकोनी अक्षरं, कोपरे मारलेले, मधे कुठंतरी एक चीर आणि मागं निळा ग्लो. इंग्लिशमध्ये हे काम सोपंय. ऑर्बिट्रॉन, मिक्रोमा, ऑडिओवाइड, ऑक्सेनियम असले फुकटचे फॉन्ट ढिगानं पडलेत. पण त्यातल्या एकातही देवनागरी नाही. मग होतं काय, इंग्लिश नाव अंतराळातलं आणि त्याच्या खाली मराठी नाव लग्नपत्रिकेतलं. विश्रामबागपासून हरभट रोडपर्यंत गाडीवरनं एक चक्कर मारा, असले बोर्ड रांगेनं दिसतील.

आणि आता मराठी नाव कोपऱ्यात बारीक टाकून सुटका पण नाही. दुकान-आस्थापनांचा कायदा २०१७ चा, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली. आधी दहापेक्षा कमी कामगार असले की पळवाट होती ती गेली, आता कामगार एक असू दे नाहीतर शंभर, पाटी मराठीत देवनागरीतच लागते आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मुंबईतल्या व्यापाऱ्यांच्या केसमध्ये सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं पण दोन महिन्यात पाट्या करा म्हणून सांगितलं. म्हणजे जो मराठी फॉन्ट आतापर्यंत "टाका कुठला पण" या खात्यात होता तो आता बोर्डावरचा हिरो झालाय, निदान बरोबरीचा तरी. त्यामुळं इंग्लिशच्या तोडीचा चौकोनी मराठी फॉन्ट कुठला हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या रोजच्या पोटापाण्याचा आहे, आणि त्यावर बरेच फॉन्ट लावून-काढून झाल्यावर मी सरपंचवर येऊन थांबलोय. थांबलोय म्हणजे प्रेमात पडलोय असं नाही. ते पुढं सांगतो.

आधी माहिती थोडक्यात. सरपंच हा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा (फाउंड्री म्हणजे फॉन्ट बनवणारी कंपनी) फॉन्ट. आयफोनवर मराठी ज्या कोहिनूरमध्ये दिसतं तो पण यांचाच. मानुषी पारिख यांनी २०१४ मध्ये फक्त ब्लॅक, म्हणजे सगळ्यात जाड, एवढंच वजन केलं होतं, मग ज्योतिष सोनोवाल यांनी त्यावरून बाकीची पाच वाढवली, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड, एक्स्ट्राबोल्ड. असे एकूण सहा. तिरपा नाही. देवनागरी आणि इंग्लिश दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकाच धाटणीचे, आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, ओपन फॉन्ट लायसन्स आहे, म्हणजे गिऱ्हाईकाच्या बोर्डावर, पॅकिंगवर, जाहिरातीत, ॲपमध्ये कुठंही वापरा कुणी बिल मागायला येणार नाही, फक्त नुसती फॉन्टची फाइलच विकायला काढायची नाही. नावावरून फसू नका, गावगाड्याशी याचा काडीचा संबंध नाही, बनवणाऱ्यांनी स्वतःच व्हिडिओ गेम, इलेक्ट्रॉनिक वस्तूंची खोकी, न्यूजच्या पट्ट्या आणि सायन्स फिक्शनवाल्या कामासाठी चांगला म्हणून सांगितलंय.

हा मॉड्युलर आहे का असं मला एका पोरानं विचारलं होतं. काटेकोर बोलायचं तर नाही. मॉड्युलर म्हणजे मोजकेच तुकडे घ्यायचे, तेच फिरवून उलटवून जोडून सगळी लिपी उभी करायची. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे विम क्रौवेल या डच डिझायनरचं १९६७ चं न्यू अल्फाबेट, त्या काळच्या स्क्रीनला गोलाई नीट झेपत नव्हती म्हणून त्यानं गोलाईच काढून टाकली, फक्त उभ्या-आडव्या रेघा आणि कोपरे छाटलेले. दिसायला जबरदस्त, पण त्यातली काही अक्षरं आज पण कुणाला सांगितल्याशिवाय वाचता येत नाहीत. त्याच्या आधी इटलीत १९५२ चा मायक्रोग्रामा आणि १९६२ चा युरोस्टाइल आले, ते वाचायला सोपे, जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा गोल कोपऱ्याचा चौकोन घेऊन त्यात अक्षर बसवलेलं. सरपंच या दुसऱ्या घराण्यातला समजा. चौकट पक्की आहे पण अक्षर वाचता यावं म्हणून जिथं सूट द्यायची तिथं दिलीय, ठोकळे जोडून मोकळं झालेले नाहीत. खरी शंभर टक्के मॉड्युलर देवनागरी बघायची असेल तर रेल्वे स्टेशनवर डब्याचे नंबर दाखवणारे एलईडीचे बोर्ड बघा, एकाच मापाचे ठिपके, त्यातनंच सगळं. तिथं मोठ्या जोडाक्षराचं काय होतं ते पण बघून घ्या.

आता मुद्द्याचं. हा फॉन्ट चांगला का वाईट हे फॉन्टवर कमी आणि तुमच्या शब्दावर जास्त आहे.

देवनागरीत दोन जातीची अक्षरं आहेत असं धरून चला. एक दांड्याची, म्हणजे उजवीकडं उभी रेघ असलेली, ग, त, न, प, म, य, ल, व, स, ज, च ही सगळी. दुसरी बिनदांड्याची, शिरोरेषेला लोंबणारी, गोल पोटाची, ट, ठ, ड, ढ, द, ह, ळ, छ. क आणि फ चा दांडा मधे असतो त्यामुळं ती दोघं कुठं पण जमवून घेतात. चौकोनी फॉन्टला दांडा म्हणजे जीव की प्राण. दांडा असला की अक्षराला उजवी भिंत आपोआप मिळते, डावीकडची वळणं काटकोनात आणली तरी डोळ्याला खटकत नाही, वाचणाऱ्याला आधार असतो. बिनदांड्याच्या अक्षराची ओळखच गोलाई. ती काढून घेतली की ट, ठ, ढ, द सगळे एका आईची लेकरं दिसायला लागतात, कोण कुठला ते जवळ जाऊनच कळतं.

म्हणून "सांगली" हा शब्द सरपंचमध्ये टाकून बघा, नाद खुळा दिसतो. स ला दांडा, ग ला दांडा, ल ला दांडा, वर काना आणि वेलांटीचे दांडे. "सातारा" तर त्याच्यापेक्षा भारी, स आणि त चे दोन आणि कान्याचे तीन असे पाच दांडे ओळीनं उभे आणि वरनं एक सलग शिरोरेषा. सातारचे लोक आधीच कशाकशाचा अभिमान बाळगून असतात त्यात ही एक भर. मिरज चांगलं, जत चांगलं, तासगाव एकदम मस्त. पलूस पण छान दिसतं पण खालच्या उकाराला जागा ठेवा. आणि आता "हळद" टाका. ह, ळ, द, तिन्हीच्या तिन्ही बिनदांड्याची आणि तिन्ही गोल. चौकोनी डब्यात जिलेबी कोंबल्यासारखं होतं. ज्या गावाची हळद जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळवून बसलीय त्या गावातच हा फॉन्ट हळदीला चालत नाही, हा विनोद मला अजून पण आवडतो. कवठेमहांकाळ लिहायचं असेल तर दुसरा फॉन्ट शोधा, ठ, ह आणि ळ एकाच शब्दात आहेत.

धंद्याच्या शब्दांना पण हेच लावून बघा. "जिम" म्हणजे या फॉन्टसाठीच जन्माला आलेला शब्द. पॉवर, गती, पवन, नवयान, यंत्र, मोशन, सगळे मस्त बसतात. "फिटनेस"मध्ये एक ट आहे पण दोन्हीकडं दांडेवाले असल्यामुळं तो खपून जातो. "ड्रोन" काठावर पास, ड्रो जरा गिचमीड होतं पण ओकाराचा काना आणि पुढचा न सांभाळून घेतात आणि अक्षर फूटभर उंच असेल तर काही अडत नाही. "इलेक्ट्रॉनिक्स" मात्र डोकेदुखी. क्ट्रॉ या एका घासात क, ट, र आणि वर अर्धचंद्र, एवढं सगळं एका चौकटीत बसवायचं म्हणल्यावर चौकट तरी काय करणार. दुकानाचं नाव इलेक्ट्रॉनिक्सनं संपत असेल तर मूळ नाव सरपंचमध्ये मोठं घ्या आणि इलेक्ट्रॉनिक्स खाली साध्या फॉन्टात. आणि सातारा जिल्ह्यातलं काम असेल तर "कऱ्हाड" आधी टाइप करून बघा, कुठल्याही फॉन्टात. कारण साधा र आणि हलन्त घेतला की र्हा होऊन बसतं, ऱ वेगळा घ्यावा लागतो, आणि ऑपरेटरनं ते न बघता प्रिंट मारली की कऱ्हाडकर ओळखीचे असले तरी सोडत नाहीत.

वजनाचं, म्हणजे अक्षराच्या जाडीचं, सांगायचं तर बहुतेक वेळा मला दोनच कामाची वाटतात, ब्लॅक आणि मीडियम. हलक्या वजनात उभी-आडवी रेघ जवळजवळ सारख्या जाडीची आहे, त्यामुळं स्वच्छ, जरा थंड, मशीनच्या डिस्प्लेसारखा लूक येतो. जसजसं वजन वाढतं तसतशा उभ्या रेघा फुगतात आणि आडव्या तुलनेनं बारीक राहतात, आणि ब्लॅकमध्ये तर हा फरक डोळ्यात भरतो. हीच खरी गंमत आहे. कारण नुसतं सगळीकडनं जाड केलं असतं तर अक्षराच्या आतली पोकळी बुजली असती, इथं आडवी रेघ बारीक ठेवून आतला उजेड राखलाय. पण त्याची किंमत अशी की ब्लॅक लहान केला की त्या बारीक आडव्या रेघा आधी गायब होतात आणि नुसते उभे ठोकळे शिल्लक राहतात. व्हिजिटिंग कार्डवर ब्लॅकमध्ये पत्ता टाकलेला मी बघितलाय, गिऱ्हाईक खूश होतं म्हणून मी गप्प बसलो. मधली वजनं वाईट नाहीत, पण डिस्प्ले फॉन्टला एक तर पूर्ण जोर लावा नाहीतर पूर्ण संयम.

आता इंग्लिशमधनं उचललेली एक सवय, जी सगळी पोरं करतात. फ्युचरिस्टिक दिसावं म्हणून अक्षरांत भरपूर अंतर सोडायचं. इंग्लिशमध्ये चालतं, झकास दिसतं. देवनागरीत ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, काना एकीकडं अक्षर दुसरीकडं, सहावीतल्या पोरालाही वाचता येत नाही. रुंद लूक पाहिजेच असेल तर अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून, शिरोरेषा हातानं ओढून सलग करा, वेळ लागतो पण तेवढंच काम बघणाऱ्याला वेगळं दिसतं. उलट शिरोरेषा हेच आपलं हत्यार आहे असं माझं मत. ती सलग पट्टी इंग्लिशला कुठून मिळणार. तिला एका टोकाला पुढं काढा, तिच्यात एक चीर द्या, तिच्यातनं एलईडीची लाईन पळवा, व्हिडिओत आधी नुसती शिरोरेषा येऊ दे आणि मग तिच्यातनं अक्षरं खाली उतरू देत. मराठी टेक चॅनलवाल्यांनी हे करून बघावं, लाल बाण आणि वासलेल्या तोंडाच्या थंबनेलपेक्षा कधीही बरं.

अजून एक, हे प्लॉटर आणि लेझरवाल्यांसाठी. फॉन्टात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, त्यामुळंच ती स्क्रीनवर सलग दिसते. तुम्ही नुसतं कर्व्ह करून फाइल कटिंगला पाठवली की मशीन बिचारं प्रत्येक जोडावर दोनदा कापणार आणि व्हिनाइलचे बारीक तुकडे उचकटून येणार. कर्व्ह केल्यावर वेल्ड मारायचंच, मग शब्द एक अख्खा तुकडा होतो. आउटलाइन द्यायची असेल किंवा अर्धपारदर्शक रंग द्यायचा असेल तरी आधी वेल्ड, नाहीतर प्रत्येक जोडावर गडद पट्टी दिसते. हे कुठल्याही देवनागरी फॉन्टला लागू आहे पण चौकोनी फॉन्टात जास्त उघडं पडतं कारण रेघ सरळ असते, लपायला जागा नसते. वेल्ड झाल्यावर मात्र ॲक्रिलिक आणि एसीपीच्या (बोर्डाला लावतात त्या ॲल्युमिनियमच्या पॅनलच्या) कामाला सरपंच फार सोयीचा, एकसंध शिरोरेषेमुळं अख्खा शब्द एका पट्टीवर उचलून बसवता येतो, इंग्लिशसारखं एकेक अक्षर लेव्हलला लावत बसायला नको. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला शीटमेटल कापणारे आहेत त्यांना पण सरळ रेघा आणि काटकोन आवडतात. आतनं एलईडी लावायचा असेल तर फक्त ब्लॅकच्या त्या बारीक आडव्या रेघांची रुंदी आधी मोजून घ्या, मॉड्यूल बसलं पाहिजे, नाहीतर उभ्या रेघा उजळ आणि शिरोरेषा अंधारात. त्यापेक्षा बोल्डवर थांबा.

पळत्या अक्षरांचे जे लाल एलईडी बोर्ड असतात, पी-टेनवाले, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं प्रत्येक मेडिकल आणि पतसंस्थेच्या दारात एक लटकलेलाच आहे. पी-टेनचं एक मॉड्यूल म्हणजे ३२ बाय १६ ठिपके, दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर, म्हणजे उंची १६ सेंटिमीटर आणि ठिपक्यांच्या ओळी फक्त १६. इंग्लिश कॅपिटल अक्षर त्यात ऐसपैस बसतं. मराठीला त्याच १६ ओळींत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बसवायचे, मग शिरोरेषा, मग अक्षर आणि खाली उकार-ऊकार. अक्षराच्या वाट्याला जेमतेम नऊ-दहा ठिपके येतात. एवढ्यात गोल अक्षराच्या कडा जिन्यासारख्या होतात, आणि इथं चौकोनी फॉन्टचा खरा फायदा दिसतो, उभी रेघ बरोबर एका ठिपक्याच्या रांगेवर बसते आणि स्वच्छ राहते. इथं ब्लॅक अजिबात नको, रेग्युलर नाहीतर मीडियम, आणि फोटोशॉपमध्ये नेमक्या १६ पिक्सेल उंचीची इमेज करून एकेक ठिपका हातानं साफ करा. बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं की बऱ्याचदा जोडाक्षरं फुटतात, म्हणून इमेजच टाकायची. शक्य असेल तर गिऱ्हाईकाला दोन मॉड्यूलची उंची घ्यायला पटवा, ३२ ओळी मिळाल्या की मराठी माणसात येतं.

सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे तर. आपल्याकडं डीटीपीवाले अजून श्रीलिपीच्या आणि तसल्या जुन्या फॉन्टवर बसलेत, त्यांचा कीबोर्ड हाताला बसलाय, त्यात मी काही बोलणार नाही. पण सरपंच युनिकोड आहे, श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर सिलेक्ट करून नुसता फॉन्ट बदलला तर तिथं मराठी येणार नाही, भलतीच चिन्हं येतात. आधी कन्व्हर्ट करा नाहीतर सरळ युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करा, दुकानाचं नाव ते केवढं असतंय. कोरलड्रॉच्या जुन्या व्हर्जनमध्ये युनिकोड देवनागरी फुटते, वेलांटी भलतीकडं जाते, तेव्हा नवीन व्हर्जन लागेल. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्समध्ये टाइपच्या खाली इंडिक ऑप्शन दाखवा म्हणून एक टिकमार्क आहे तो चालू करा, इनडिझाईनमध्ये पॅराग्राफला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. एवढं न करता "गूगलचे फॉन्ट फालतू असतात" म्हणणारे लोक मला भेटतात. फॉन्टची चूक नसते राव.

कुठं वापरावा हे वर बऱ्यापैकी आलंच. माझ्याकडनं झालेल्या कामात सगळ्यात शोभला तो ड्रोन फवारणीच्या गाडीवर. वाळवा-पलूस पट्ट्यात उसावर ड्रोननं औषध मारणारी पोरं आहेत, त्यांची एक पांढरी पिकअप होती, बाजूच्या पत्र्यावर टोकापासून टोकापर्यंत एकच शब्द ब्लॅकमध्ये, शिरोरेषा दारावरनं पुढं हेडलाईटपर्यंत ओढलेली, बाकी काही नाही. ऊस, चिखल, बांध आणि मधे ती गाडी, विषय हार्ड. इथं मला एक गोष्ट नेहमी जाणवते की भविष्य म्हणजे काचेच्या इमारती असं समजून इंग्लिश लोगोची नक्कल करण्यात काही अर्थ नाही, आपल्याकडचं भविष्य शेतात चाललंय, सोलर पंपाच्या पॅनलवर, ठिबकच्या ऑटोमॅटिक कंट्रोलरच्या डबीवर, तिथं मराठी चौकोनी अक्षर जेवढं खरं वाटतं तेवढं इंग्लिश वाटत नाही. त्या कंट्रोलरच्या डबीवरची बटणांची नावं, चालू, बंद, वेळ, दाब, मीडियममध्ये करून बघा. "बंद" मधला द एकटाच लोंबतो, पण चालतंय.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या टेक फेस्टचे पोस्टर, गेमिंग कॅफे, ईव्ही चार्जिंगचे फलक, मोबाईल ॲक्सेसरीजची खोकी, स्पोर्ट्स शॉप, बॅटरीवाले, सीसीटीव्हीवाले, सगळीकडं डोळे झाकून. "डोळे झाकून" म्हणजे वरचा दांड्याचा हिशोब करूनच हं.

कुठं नको ते पण सांगतो. बेदाणा, हळद, भडंग, कंदी पेढे, काकवी, म्हणजे ज्याला वास आणि चव आहे त्याला हा फॉन्ट लावू नका, खाण्याची वस्तू बॅटरीसारखी दिसायला लागते. एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याला जिमचा बोर्ड आवडला म्हणून तोच पाहिजे होता, दोन्ही नमुने शेजारीशेजारी प्रिंट काढून दाखवल्यावर त्यानं स्वतःच गोल अक्षरावर बोट ठेवलं. असल्या कामाला 'एक टाइप' नावाच्या कंपनीचे मोदक आणि बलू हे फॉन्ट आहेत, तेही फुकट आहेत, गुबगुबीत आहेत, तोंडाला पाणी सुटतं. जुन्या हातानं रंगवलेल्या पाटीचा फील पाहिजे असेल तर यात्रा वन, रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. डॉक्टरच्या पाटीला पण सरपंच नको, दवाखान्यात माणूस आधीच घाबरलेलं असतंय. आणि बाईकच्या नंबरप्लेटला तर अजिबात नको. पोरं येतात, ८०५५ चं "बॉस" करून द्या, मराठीत "दादा" करून द्या म्हणून. मोटार वाहन नियमात अक्षर-आकड्यांची मापं ठरलेली आहेत, आता एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, आलीय, चालान तुमच्या नावावर फाटेल आणि शिव्या मला बसतील.

गणपती मंडळांचं वेगळंच. सांगलीत गणपती म्हणल्यावर कुणाला नाही म्हणायची सोय नाही, आणि मंडळांना मिरवणुकीच्या एलईडी वॉलवर असलंच काहीतरी फाडू पाहिजे असतं. वॉलवर, टी-शर्टवर, बीट सुरू व्हायच्या आधी येणाऱ्या नावावर सरपंच ब्लॅक चालतो, खरंतर पळतो. पण अहवालात आणि वर्गणीच्या पावतीवर तोच टाकला तर वर्गणीदारांची नावं वाचताना कार्यकर्त्यांच्या नाकीनऊ येतात. शिवाय ओळीखाली ओळ आली की या फॉन्टला जागा सढळ हातानं द्यावी लागते, वरच्या ओळीचा ऊकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत शिंगं अडकवतात.

सरपंचच्याच फाउंड्रीचे टेको आणि खंड पण बघून ठेवा. टेको अरुंद आणि उंच, त्यात पण चौकोनीपणा आहे पण दंगा कमी, लांबलचक नाव छोट्या बोर्डात बसवायचं असेल तर टेकोच घ्या. सरपंचला रुंदी लागते, तीन-चार अक्षरांच्या पुढं गेला की बोर्ड पुरत नाही. खंड आणखी शांत, मजकूर जास्त असेल तेव्हा. सरपंचमध्ये माझी तक्रार म्हणाल तर हीच, याचंच एखादं अरुंद भावंड असतं तर निम्म्या वेळा टेकोकडं जावं लागलं नसतं. आणि इंग्लिश बाजू मला जरा जास्तच व्हिडिओ गेमची वाटते, मराठी बाजू तिच्यापेक्षा उजवी आहे. असं फार कमी वेळा म्हणता येतं, नाहीतर बहुतेक दोन लिप्यांच्या फॉन्टात देवनागरी म्हणजे इंग्लिशच्या मागनं फरफटत आलेली असते.

खालच्या ओळीला, पत्ता, मोबाईल नंबर, वेळ, प्रोप्रायटर वगैरे, मुक्ता लावा. मुक्ता पण 'एक टाइप'चाच आणि फुकट, तो काही बोलत नाही, आपलं काम करतो. सरपंचच्या खाली सरपंचच लावला तर सगळेच ओरडतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही.

राहिले जर्सी. कबड्डी आणि क्रिकेटच्या स्पर्धा लागल्या की टी-शर्टचं काम येतंच, आणि पाठीवर मराठीत आडनाव टाकायची नवीन टूम निघालीय ती मला फार आवडते. नंबर ब्लॅकमध्ये, आडनाव बोल्डमध्ये, एवढंच करा. पवार, सावंत, माने, जाधव, चव्हाण एकदम टकाटक बसतात. देशमुख, घोरपडे यांना थोडी जागा जास्त द्या, कुलकर्णीच्या रफाराला कॉलरपासून लांब ठेवा. पाटलांचं काही टेन्शन नाही, ट तेवढा एक मधे गोल, बाकी सगळे दांडे, आणि आपल्याकडं कुठल्या पण संघात निम्मे पाटीलच असतात.